कारंज्याची प्रत

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा बहुतेकांना माहीत असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. कापसाच्या व्यापाऱ्याला ते तिथल्या बाजारामुळे माहीत असतं. मला मात्र कारंज्याचं नाव निघालं की एक पोथी आठवते, आणि संगणकाच्या बॅकअपविषयीचं हे प्रकरण मी त्या पोथीपासूनच सुरू करणार आहे.

कारंज्याच्या जैन मंदिरांमधली हस्तलिखितांची भांडारं जुनी आणि नावाजलेली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तिच्यात या भांडारांची नोंद आहे. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले डॉ. हिरालाल जैन (हे दुसरे हिरालाल) यांनी इथल्या अपभ्रंश ग्रंथांचं संपादन केलं, आणि त्यानंतर त्याहून मोठं काम अंगावर घेतलं. ते काम म्हणजे षट्खंडागम या प्राचीन जैन ग्रंथावरची धवला टीका.

धवला ही आचार्य वीरसेनांची टीका. साधारण १२०० वर्षांपूर्वीची, ७२ हजार श्लोक भरतील एवढी. तिच्या ताडपत्रांवरच्या जुन्या प्रती साऱ्या भारतात एकाच गावी उरल्या होत्या: कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदी या जैन मंदिरात, जुन्या कन्नड लिपीत. लोक दर्शनाला जात, नमस्कार करून परत येत. वाचायला कोणाला मिळत नसे, आणि पानं झिजत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करायचं काम सुरू झालं, पण त्या नकलाही मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत असा तिथला आग्रह होता. मूळ आणि नक्कल एकाच छपराखाली. एक आग लागली असती, तर दोन्ही गेल्या असत्या.

नकलेच्या कामावर असलेल्या गजपती उपाध्यायांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली आणि ती उत्तरेत सहारनपूरला पोचवली. तिच्यावरून नागरी प्रत करताना सीताराम शास्त्री यांनी एक प्रत स्वतःजवळ ठेवली, आणि तिच्या नकला गावोगाव गेल्या. एक अमरावतीला आली, एक बिहारमधल्या आऱ्याला गेली, एक आपल्या कारंज्यात आली. डॉ. जैन यांनी या तीन प्रती समोर ठेवून पाठ निश्चित केला आणि १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून निघाला. सोळावा, शेवटचा भाग यायला १९५८ उजाडलं.

ती पहिली प्रत परवानगीशिवाय झाली होती, हे खरं. पण तिच्यातून कारंज्यासारख्या ठिकाणी नकला पोचल्या नसत्या तर वऱ्हाडातल्या एका प्राध्यापकाला हा ग्रंथ जगापुढे आणता आला नसता, हेही खरं. नक्कल किती, कुठे, कोणाच्या ताब्यात आणि मुळाशी ताडलेली आहे का, हे प्रश्न त्या पोथीला लागू होते, तसेच वाशीमच्या बाजार समितीतल्या अडतदुकानातल्या संगणकालाही लागू आहेत.

समजा, ऑक्टोबर महिना आहे. सोयाबीनची आवक जोरात आहे. पहाटेपासून ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो रांगेत उभे आहेत. हर्राशी होते, माल काट्यावर चढतो, काटापट्टी फाटते, आणि शेतकरी ती घेऊन अडत्याच्या गादीपाशी येतो. दिवाणजी टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये नोंद करतात, हमाली-तोलाई वजा होते, हिशेबपट्टी छापली जाते, चुकारा त्याच दिवशी द्यायचा असतो. टेबलाखाली संगणकाची पेटी आहे. तिच्या पंख्याच्या जाळीवर सोयाबीनच्या फोलाचा थर बसलेला आहे. शेजारचा यूपीएस दिवसातून चार वेळा टी-टी करतो. गादीवर दहा वर्षांचा व्यवहार, कोणाकडे किती उचल, कोणाची बाकी, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचे हप्ते हे सारं त्या पेटीतल्या तळहाताएवढ्या डिस्कवर आहे.

ही डिस्क एक दिवस उघडत नाही. असं का होतं याची कारणं साधी असतात: विजेचा झटका, उष्णता, वय. विचारायचं ते पुढचं. हातात काय उरलं?

बॅकअपचा प्रोग्राम कोणताही घ्या, त्याच्या सेटिंगच्या पडद्यावर वीस-पंचवीस चौकोन असतात. संगणकवाला येतो, भराभर खुणा करतो आणि जातो. इथेच पहिली चूक होते, कारण त्यातले महत्त्वाचे चौकोन संगणकवाल्याला भरताच येत नाहीत. त्यांची उत्तरं फक्त मालकाकडे असतात. असे प्रश्न दोन आहेत. काहीही झालं तरी किती वेळाचं काम पुन्हा करायची माझी तयारी आहे? आणि दुकान संगणकाविना किती वेळ चालेल?

पहिल्याचा हिशेब मांडून पाहू. हंगामात दिवसाला १५० हिशेबपट्ट्या होतात असं धरा. काटापट्ट्यांची स्थळप्रत फाईलला लावलेली असेल तर एक नोंद पुन्हा करायला ३ मिनिटं. म्हणजे ४५० मिनिटं, साडेसात तास. रात्री एकदाच बॅकअप होत असेल आणि संध्याकाळी डिस्क गेली, तर एवढं काम पुन्हा करावं लागेल, तेही दुसऱ्या दिवसाच्या आवकेच्या जोडीला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणखी एक बॅकअप ठेवला तर नुकसान निम्म्यावर येतं. उन्हाळ्यात, बाजार थंड असताना, रात्रीचा एकच पुरतो. म्हणून हंगामाचं वेळापत्रक वेगळं आणि बिगरहंगामाचं वेगळं ठेवावं असं माझं ठाम मत आहे. कोणताही प्रोग्राम हे आपणहून सुचवत नाही, कारण सोयाबीन कधी निघतं हे त्याला ठाऊक नाही.

वेळापत्रकाचीच आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्याकडे फार नडते. बहुतेक प्रोग्रामांत बॅकअपची वेळ रात्री १ किंवा २ अशी आधीच भरलेली असते. मोठ्या शहरातल्या कार्यालयात संगणक रात्रभर चालू असतो. आपल्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच खाली केला जातो, आणि आग लागू नये म्हणून ते बरोबरच आहे. मग रात्री २ चा बॅकअप कधीच होत नाही. वेळ दुकान बंद होण्याच्या अर्धा तास आधीची ठेवा. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ‘ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. तो आपणहून खूण केलेला नसतो, तो करावा लागतो. शेजारच्या टॅबवर ‘संगणक मुख्य वीजपुरवठ्यावर असेल तरच सुरू कर’ अशी खूण मात्र आधीपासून असते. लॅपटॉप बॅटरीवर असेल किंवा यूपीएस केबलने संगणकाला जोडलेला असून वीज गेलेली असेल, तर या खुणेमुळे बॅकअप सुरूच होत नाही, आणि कोणाला कळतही नाही.

आता काय उचलायचं. टॅलीचा प्रोग्राम पुन्हा मिळतो, त्यातला डेटा मिळत नाही. म्हणून डेटाची फोल्डर कुठे आहे ती जागा आधी कागदावर लिहा. ती सी ड्राइव्हवर असेल असं गृहीत धरू नका. बसवणाऱ्याने डी ड्राइव्हवर ठेवलेली असते, आणि बॅकअप बिचारा रोज सी ड्राइव्ह उचलत बसतो. त्याबरोबर विवरणपत्रांच्या फाईली, ई-वे बिलं, एक्सेलमधल्या उचलीच्या याद्या. आणि मराठीसाठी एक खास सूचना. जुनी पत्रं, करारनामे, संस्थेचे ठराव श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर त्या फाँटच्या फाईलीही बॅकअपमध्ये घ्या. युनिकोड रुळण्याआधीचे हे फाँट. नव्या संगणकावर ते नसले की करारनामा उघडतो, पण पानभर इंग्रजी अक्षरांची मोळी दिसते. फाईल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. धवलेची ताडपत्रं समोर असूनही जुनी कन्नड लिपी येणारा माणूस बसवल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं, तसंच हे.

टॅली उघडी असताना तिची फोल्डर नुसती कॉपी करणं धोक्याचं. एखादी नोंद अर्धी लिहिली जात असते आणि नक्कल तेवढ्यातच झालेली असते. चांगले प्रोग्राम आधी डिस्कचं त्या क्षणाचं चित्र घेतात आणि त्यावरून नक्कल करतात. विंडोजमध्ये ही सोय शॅडो कॉपी या नावाने आहे आणि तिचा चौकोन चालू ठेवावा. छोट्या दुकानात त्याहून सोपं म्हणजे सगळ्या संगणकांवरून टॅली बंद करायची आणि मग बॅकअप घ्यायचा.

पुढचा चौकोन: फुल, इन्क्रिमेंटल की डिफरन्शियल? हे शब्द ऐकून मालक घाबरतो. पण रोजकीर्द आणि खतावणी लिहिलेल्या घराला हे समजायला अवघड नाही. फुल म्हणजे सबंध वही उतरवून काढणं. इन्क्रिमेंटल म्हणजे कालच्या नकलेनंतर जेवढं नवं लिहिलं तेवढंच वेगळ्या कागदावर उतरवणं. सोमवारचा एक कागद, मंगळवारचा एक. जागा कमी लागते, वेळ कमी लागतो. पण शुक्रवारची वही उभी करायची तर रविवारची पूर्ण नक्कल आणि सोमवारपासूनचा एकेक कागद हवा. बुधवारचा कागद खराब निघाला तर त्याच्या पुढचे सगळे निरुपयोगी. डिफरन्शियलमध्ये रोज रविवारपासून आतापर्यंतचं सगळं नवं एकाच कागदावर येतं, म्हणून रविवारची नक्कल आणि शेवटचा कागद एवढ्या दोनच गोष्टी पुरतात.

अडतदुकानाचा टॅलीचा डेटा २ जीबी असेल तर या वादात पडायचं कारण नाही. रोज फुल घ्या. काही मिनिटांचं काम आहे, आणि अडचणीच्या दिवशी एकच फाईल शोधायची असते. शेकडो जीबीचा सर्व्हर असलेल्या जिनिंग फॅक्टरीला किंवा पतसंस्थेला इन्क्रिमेंटलची गरज पडते. तिथेही आठवड्याची एक पूर्ण नक्कल सोडू नये.

नकला किती दिवस ठेवायच्या, म्हणजे रिटेन्शन, हा चौकोन लोक सर्वांत बेफिकिरीने भरतात. ‘शेवटचे ७ दिवस’ एवढं लिहून मोकळे होतात. पण चूक त्याच आठवड्यात सापडते असं कुठे आहे? एखाद्या पक्षकाराचं खातं मार्चमध्ये चुकून दुसऱ्यात मिसळलं आणि ते कळलं दिवाळीला, ताळा जुळेना तेव्हा. सातही नकलांत तीच चूक. फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारे खंडणीखोर व्हायरसही कधी कधी आठवडेच्या आठवडे संगणकात दबा धरून राहतात.

म्हणून जगभर एक जुनी पद्धत वापरतात, तिला आजा-बाप-लेक म्हणावं. रोजच्या ७ नकला, आठवड्याच्या ५, महिन्याच्या १२. एकूण २४. २ जीबीच्या डेटाला ४८ जीबी जागा, म्हणजे आजच्या स्वस्तातल्या बाहेरच्या डिस्कचाही छोटासा कोपरा. त्याशिवाय दरवर्षी ३१ मार्चचे हिशेब बंद झाले की एक नक्कल कायमची बाजूला काढा, तिला या चक्रात घालू नका. कायद्यालाही तेच हवं आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि त्याच्या नियमावलीतला ५७ वा नियम तर स्पष्टच सांगतो की इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झालं तरी वाजवी वेळात माहिती परत उभी करता यावी. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना ८ वर्षांचे हिशेब जपावे लागतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे. ‘वाजवी वेळात परत उभी करता यावी’ हे त्या नियमातले शब्द मला फार मोलाचे वाटतात. नियम बनवणाऱ्याने नकलेपेक्षा परत उभं करण्यावर बोट ठेवलं आहे.

आता जागा. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या कागदी फाईली राख झाल्या, हे महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. कागदच जळतो असं नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला. साठा फार मोठा आहे म्हणून त्याची बाहेर नक्कलच ठेवलेली नव्हती. संगणकात जगात पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट. मूडबिद्रीत मूळ आणि नक्कल एका छपराखाली होत्या. इथे नक्कलच नव्हती.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपले फोटो जपण्यासाठी एक साधा नियम लोकप्रिय केला, तो आज जगभर मानला जातो: एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि १ दुसऱ्या जागी. वाशीमच्या दुकानापुरतं बोलायचं तर एक प्रत संगणकातली चालू, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घरी किंवा क्लाउडवर. घर गादीच्या वरच्या मजल्यावर असेल तर ती दुसरी जागा धरू नका. रिसोडच्या मेहुण्याकडे महिन्याला एक डिस्क ठेवली तरी चालेल. ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असावी, कारण तिच्यात पक्षकारांचे बँक खाते क्रमांक आहेत. त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पासवर्ड हरवलेली एन्क्रिप्ट केलेली डिस्क जगातला कोणताही तज्ज्ञ उघडून देत नाही.

पण दूर असणं एवढंच पुरत नाही. याची एक गोष्ट महाराष्ट्रातल्या एका बंदराशीही जोडलेली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक भराभर बंद पडत गेले. आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांच्या गटाचं जे टर्मिनल आहे, तिथलंही काम अडलं. मेर्स्कच्या साऱ्या संगणकांचं नियंत्रण ज्या सर्व्हरांवर होतं ते सुमारे १५० होते, वेगवेगळ्या देशांत पसरलेले, आणि प्रत्येकाजवळ बाकीच्यांची ताजी नक्कल. एक गेला तरी बाकीचे आहेत, असा विचार. पण ते सगळे एकमेकांना सतत जोडलेले होते, म्हणून सगळेच एकदम पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तर त्या वेळी तिथली वीज गेलेली होती, आणि तो सर्व्हर बंद होता. त्याच्या डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

लोडशेडिंग भोगलेल्या माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. सतत जोडलेली नक्कल ही आरशासारखी असते. गूगल ड्राइव्हची किंवा वनड्राइव्हची सिंक फोल्डर हा बॅकअप नव्हे. तुमच्या संगणकावर फाईल पुसली गेली की तिथेही ती पुसली जाते, किंवा खराब झालेली फाईल चांगल्यावर येऊन बसते. संगणकाला वर्षभर टोचून ठेवलेली बाहेरची डिस्कही तशीच. दोन डिस्क घ्या, त्यांवर ‘सम’ आणि ‘विषम’ असं लिहा, एकेक दिवसाआड लावा आणि काम झालं की काढून कपाटात ठेवा. खर्च काही हजारांचा. कपाटातल्या डिस्कपर्यंत कोणताही व्हायरस पोचत नाही.

क्लाउडच्या सेवांत आता ‘इम्युटेबल’ नावाची सोय मिळते: लिहिलेली नक्कल ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही, मालकालाही, बदलता किंवा पुसता येत नाही. ज्याला परवडतं त्याने ती जरूर घ्यावी. ही कल्पना वाशीमला नवीन नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेल्या गावाचं दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं होतं, आणि ते पत्रे १९३९ साली वाशीमलाच सापडले. धवलेचा पहिला भाग छापला गेला तेच हे वर्ष. ताडपत्रावरचा शब्द खरवडता येतो. तांब्यावर कोरलेला सहज बदलत नाही, म्हणून जमिनीच्या हक्काचा दस्त तांब्यावर.

वेगळ्या जागेचा उपयोग किती होतो याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, संगणकांवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं कामकाज अडलं. महामंडळाने त्या वेळी सांगितलं की बॅकअपच्या फाईली नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या आणि त्यांना लागण झालेली नव्हती. छोट्या दुकानातही हेच साधता येतं. बॅकअपचा पासवर्ड रोजच्या कामाच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, आणि दिवाणजी ज्या नावाने संगणक उघडतात त्या नावाला बॅकअपच्या जागेत पुसण्याचा अधिकार देऊ नका. दिवाणजींवर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांच्या नावाने शिरलेला व्हायरस त्यांच्याच अधिकाराने काम करतो, म्हणून.

शेवटची बाब मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि तिच्यासाठी पुन्हा कारंज्याच्या प्रतीकडे वळतो. अमरावती, आरा आणि कारंजा, अशा तीन प्रती होत्या. पण तिन्हींचा उगम एकाच नकलेत होता. त्या नकलेत जे सुटलं ते तिन्हींत सुटलं. पहिल्या भागातल्या ९३ व्या सूत्रात ‘संजद’ (संयत) हा शब्द या प्रतींमध्ये नव्हता. संदर्भ पाहता तो तिथे असायला हवा अशी टीप संपादकांनी दिली. स्त्रियांच्या मोक्षाधिकाराचा प्रश्न त्या एका शब्दाशी निगडित असल्याने पंडितांमध्ये मोठा वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिलं, तेव्हा शब्द तिथे सापडला. तीन नकला एकमेकींशी जुळत होत्या, आणि तिन्ही अपुऱ्या होत्या.

संगणकाच्या जगात हेच ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत घडलं. एका अभियंत्याने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. शोधल्यावर कळलं की त्यातली एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप प्रोग्रामची आवृत्ती न जुळल्यामुळे किती तरी दिवस फसत होता, आणि फसल्याची सूचना देणारे ई-मेलही पोचत नव्हते. कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक नक्कल होती, तिच्यावर कंपनी तरली.

आपल्याकडे फसण्याचं कारण बहुधा साधं असतं. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. बॅकअपची फाईल वाढत वाढत ४ जीबीच्या वर गेली त्या दिवसापासून नक्कल होणंच बंद होतं. पेन ड्राइव्ह रोज लावला जातो, रोज काढला जातो. नक्कल होत नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सेटिंगमधल्या सूचनेच्या चौकोनात मालकाचा स्वतःचा मोबाइल किंवा ई-मेल असावा. बॅकअप झाला तरी आणि फसला तरी, दोन्ही वेळा संदेश यावा. फक्त फसल्यावर येणारा संदेश आला नाही तर सगळं ठीक आहे की संदेशच अडकला, हे कळायला मार्ग नसतो.

ताडून पाहण्याची रीत अशी. दुसरा एखादा संगणक घ्या, घरातल्या मुलाचा लॅपटॉप चालेल. कपाटातली डिस्क त्याला लावा. रिकामी नवी फोल्डर करा आणि नक्कल तिच्यातच उतरवा. चालू डेटाच्या फोल्डरवर कधीही उतरवू नका, नाहीतर आजचं काम कालच्या खाली गाडलं जाईल. मग टॅली उघडून तीन आकडे पाहा: शेवटच्या हिशेबपट्टीचा क्रमांक, त्या दिवशीची रोख शिल्लक, आणि आपल्याला तोंडपाठ असलेल्या एखाद्या जुन्या पक्षकाराची बाकी. तिन्ही कागदाशी जुळले तर नक्कल खरी. किती वेळ लागला तोही घड्याळ लावून लिहा. दुकान संगणकाविना किती वेळ चालेल, या मालकाच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा हा वेळ कमी असायला हवा. तारीख, तीन आकडे, लागलेली मिनिटं आणि पाहणाऱ्याची सही एका वहीत नोंदवा. तीन महिन्यांतून एकदा पुरे.

नवं सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास बाजारात येतं. त्याआधी एक रिकामी दुपार काढा, कपाटातली डिस्क बाहेर काढा आणि ती उघडते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.